अर्धं राहिलेलं डोकं

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोन केला असता. पण फोनवर तू ‘हं’ म्हणतोस, बाबा शेजारी असले की मीही ‘हं’ म्हणते, आणि थोडा वेळ असं हंहं झालं की बोलल्याचं समाधान मानून आपण फोन ठेवतो. पत्रही तुला अर्ध्यात टाकून उठता येईल म्हणा, त्या बाबतीत तुझा हात कोण धरणार. पण निदान मला ते दिसणार नाही.

आई गेली त्या दिवशी तू आलास, हे बरं केलंस. खाली फाटकापाशी उभा राहिलास, तिला खाली आणलं तेव्हा पुढे झालास आणि सगळं आटोपल्यावर परस्पर स्टेशनवर गेलास. तीन जिने चढून वर काही आला नाहीस. डोक्यावरची लोकरी टोपीसुद्धा काढली नाहीस, इतकी काय थंडी होती? बाबांनी तुला पाहिलं होतं. तू त्यांना पाहिलं नाही असं दाखवलंस, त्यांनीही तसंच दाखवलं. खाण तशी माती.

बाबा ठीक आहेत. दुकान मी बघते. काचा घासून घेणं, फ्रेम बसवणं, नंबर तपासणं, सगळं आता माझ्याकडे आहे. बाबा खुर्चीत बसून चष्म्याचे बारीक स्क्रू डबीतून डबीत टाकतात. तक्रार एकच आहे. त्यांचे केस कानांवर आलेत आणि ते कोणाला हात लावू देत नाहीत. मला तर नाहीच. म्हणतात, तू काचेशी खेळ, माझ्या डोक्याशी नको.

तू हसशील की या घरात आई जाऊन जेमतेम दीड महिना झाला आणि ही केसांचं काय घेऊन बसली. पण आपल्या घरात केसांचं म्हणजेच आईचं, तुला वेगळं सांगायला नको. तरी सांगते. आईबद्दल बोलायला मला दुसरं कोणी नाही.

हे सुरू कसं झालं ते मला परवा आत्यानं सांगितलं. आजोबा अंथरुणाला खिळले होते. न्हावी घरी यायचा, पण आजोबांनी त्याला एकदा असं काही सुनावलं की तो पुन्हा जिना चढला नाही. आई तेव्हा घरात नवी होती. सासऱ्याच्या डोळ्यांत केस जातात हे तिला बघवेना. तिनं शिवणाच्या डब्यातली कात्री काढली आणि म्हणाली, मामंजी, हलू नका. आजोबा सगळा वेळ तिच्या माहेरचा उद्धार करत होते म्हणे. पण हलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनीच विचारलं, तुझी कात्री कुठाय? मग बाबा बसले, मग काका, मग आत्या, मग आपण दोघं. आपल्या घरातलं कोणी न्हाव्याची पायरी चढलं नाही ते तेव्हापासून.

महिन्याचा पहिला रविवार. मागच्या गॅलरीत, दोऱ्यांवर कपडे वाळतात तिथे, ते तीन पायांचं स्टूल. गळ्याभोवती जुना पडदा आणि मागे कपड्यांचा चिमटा. डोकं ओलं करून यायचं आणि आई ‘झालं, ऊठ’ म्हणेपर्यंत उठायचं नाही. बाबांचीही ‘झालं, उठा’ ऐकल्याशिवाय सुटका नसे. एरवी घरात आईचं कोण ऐकत होतं? चांगली खुर्ची बाबांची, खिडकीकडची जागा तुझी, रेडिओ काकांचा. ती शेवटी जेवायची आणि भांडी आवरता आवरता जेवायची. पण स्टुलावर बसला की माणूस तिचा. डोक्याला हात लावला की तिला सगळं कळायचं. केस कोरडे पडलेत, झोपत नाहीस का. तू सिगारेट ओढायला लागलास हे तिला तुझ्या केसांनी सांगितलं. मी उगाच मार खाल्ला चुगलीचा.

पत्राचं उत्तर दे. दोन ओळींचं चालेल.

तुझीच,
भुणभुण


५ मार्च

प्रिय दादा,

दोन ओळी म्हटलं तर खरंच दोनच ओळी पाठवल्यास. ‘कामात आहे. बाबांना न्हाव्याकडे ने.’ लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला इतकं काम, तुमच्या गावात इतक्या लिफ्ट बिघडतात? लोक जिने चढतच नाहीत का?

नेलं. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये, फिरत्या खुर्चीत बसवलं. न्हावी बिचारा सभ्य. त्यानं पांढरा कपडा घातला, बाबांच्या कपाळावर हात ठेवून मान मागे कलती केली आणि विचारलं, कसे ठेवू? बाबा आरशात बघत राहिले. मग कपड्यासकट उठले आणि रस्त्यावर आले. मी कपडा परत द्यायला मागे गेले तर न्हावी म्हणाला, होतं असं. मला रडूच आलं, त्याच्यासमोर. बाबांना बाहेर विचारलं, काय झालं? म्हणाले, तो विचारतो कसे ठेवू. मला काय माहीत कसे ठेवायचे?

उठून जाण्याचं निघालंच आहे तर त्या रविवारचं बोलून टाकते. आपण त्यावर कधीच बोललो नाही.

आईची युक्ती आठवते ना? घरातली प्रत्येक नकोशी गोष्ट ती स्टुलावर सांगायची. गळ्यात पडदा, डोकं ओलं, कानाशी कात्री. असा माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? मी गणितात नापास झाले ते बाबांना तिथेच कळलं. ते ताडकन उठायला गेले, तर आईनं डोकं खाली दाबलं आणि म्हणाली, कान कापला जाईल. केस होईपर्यंत त्यांचा राग अर्ध्यावर आला. आत्याची बदली, काकांचं दुखणं, सगळं असंच त्यांच्या कानावर गेलं, अगदी कानावरचे केस कापतानाच. कधी कोणी उठलं नाही.

मग त्या ग्रंथपाल मुलीचं. तुमचं लग्न ठरल्यातच जमा होतं. तिचे वडील चष्मा न्यायला दुकानात आले आणि त्यांनी बाबांना सरळ विचारलं, मुलगा कसा आहे? बाबा गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा एकमेव दुर्गुण. म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण एका जागी टिकत नाही, वर्षात दोन नोकऱ्या सोडल्यात, तुमच्या जागी मी असतो तर थोडा थांबलो असतो. ते थांबले नाहीत, त्यांनी नाहीच म्हणून टाकलं. हे तुला सांगायचं आईवर आलं आणि तिनं तिची नेहमीची जागा निवडली. तुझी उजवी बाजू झाली होती. डावी राहिली होती.

तू पडद्यासकट उठलास. चिमटा मला नंतर दुसऱ्या मजल्यावर सापडला. तसाच, अर्ध्या डोक्यानं, ओल्या केसांनी तू दुकानात गेलास. मी मागे धावत आले होते, दारातून सगळं ऐकलं. तू विचारलंस, तुम्ही असं म्हणालात? बाबा एका बाईंच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, ‘विचारलं त्यांनी. मी सांगितलं.’ तू म्हणालास, ‘केसानं गळा कापलात.’ आणि तसाच गेलास. मला त्या वेळी हसू आलं होतं रे, केसानं गळा म्हणालास आणि डोकं ते असं. ते हसू मी अजून गिळतेय.

तुला हे ठाऊक नसेल की त्या दिवसानंतर आईनं नियम बदलला. जड असेल, नकोसं असेल, जे काही सांगायचं ते केस पुरे झाल्यावर, मान झाडताना. त्याआधी अवाक्षर नाही. आम्ही सगळे मान झाडायची वेळ आली की जीव मुठीत धरून बसायचो. आणि दर वेळी शेवटचा माणूस उठला की ती स्टूल आत न्यायची नाही. थोडा वेळ तिथेच राहू द्यायची. बाबा विचारायचे, झालं ना सगळ्यांचं? ती म्हणायची, त्याचं अर्धं राहिलंय. बाबा पेपर उघडायचे.

फोनवर ती तुला केस कुठे कापतोस म्हणून विचारायची ना? तू म्हणायचास, इथे आहे एक. एवढ्यावरून ती दिवसभर गप्प असायची.

आता एक सांगते, ते तुझ्यासाठीच राखून ठेवलं होतं. तिच्या स्वतःच्या केसांना कधी कोणी कात्री लावली नाही. वेणी खांद्यावरून पुढे घ्यायची आणि टोकं आपणच कापायची. शेवटच्या आजारात केस उशीला गुंतायला लागले, तेव्हा म्हणाली, काढून टाक, लहान कर. मी गॅलरीत स्टूल मांडलं. त्यावर ती पहिल्यांदाच बसली. तिला बसताच येईना. मान ताठ, हात कुठे ठेवायचे ते कळेना. मी कापत होते आणि मनात येत होतं, या बाईनं आपल्या सगळ्यांची डोकी हातात घेतली, हिचं कोणी घेतलं? मी कापत असताना ती बोलली नाही. नियम तो नियम. मान झाडायला लागले तेव्हा म्हणाली, ‘चूक तुझ्या बाबांची होती. वेळ मी चुकवली. पुरं डोकं होईपर्यंत थांबले असते तर बसला असता तो.’

मी म्हटलं, नसता बसला. मी पडदा काढला, झटकला, केस गोळा केले, तरी ही स्टुलावरच. मला कळेना उठत का नाही. मग म्हणाली, ‘म्हण की.’

मी म्हटलं, झालं, ऊठ. तेव्हा उठली.

बाबा ठीक आहेत. दोन दिवस दुकानात आले नाहीत एवढंच.

तुझीच,
भुणभुण


२३ मार्च

दादा,

उत्तर नाही आलं. हरकत नाही. मागच्या पत्रात ‘बाबा ठीक आहेत’ असं मी लिहिलं, ते ठीक नव्हते. आता आहेत, म्हणून सांगते.

केस डोळ्यांवर येत होतेच. दुकानात एक स्क्रू खाली पडला, ते शोधायला वाकले, वर येताना काउंटरचा कोपरा लागला. डाव्या कानाच्या वर चांगलं फाटलं. दवाखान्यात टाके घालायला नर्सनं ती सगळी बाजू भादरली. मी म्हटलं, सिस्टर, हात घातलाच आहे तर दुसरीकडचीही उडवा. तर बाबांनी उजव्या बाजूवर हात ठेवला आणि म्हणाले, ही नाही. डोक्याला मार लागलाय म्हणून कोणी वाद घातला नाही.

घरी आल्यावर वाटलं, ऐकतील. रोज पालथ्या घड्यावर पाणी. टाके निघाले. एका बाजूला खुंट आणि दुसऱ्या बाजूला कानाखाली उतरलेल्या पांढऱ्या बटा. मी टोपी दिली, घातली नाही. आणि आता रोज दुकानात येतात. आत नाही बसत, पुढे, काचेच्या कपाटाशी बसतात, रस्त्यावरून दिसेल असे. गिऱ्हाईक नवा चष्मा घालून आरशात बघतं आणि त्याला पहिल्यांदा मागचे बाबा दिसतात. एक बाई चष्मा काढून पुसून पुन्हा घालून बघत होत्या. मला हसावं की रडावं कळेना.

परवा मी चिडले. म्हटलं, बाबा, लोक हसतात, मला धंदा करायचाय. ते नेहमीसारखं ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ते ओरडले नाहीत.

म्हणाले, ‘तो असाच आला होता ना इथे?’

मी म्हटलं, हो.

‘मी वर बघितलंच नाही. गिऱ्हाईक होतं.’ मग बराच वेळ त्यांनी त्या स्क्रूंच्या डबीत बोट फिरवलं. ‘इथून स्टेशनपर्यंत असाच गेला असेल. लोक कसे बघतात ते आता कळतंय.’

दादा, इतक्या वर्षांत त्यांनी तुझं नाव काढलं नव्हतं. मला बाबांचा राग होता, तुला नाही सांगितला कधी, पण होता. दुकानातून चुकीच्या नंबरची काच गेली तर हा माणूस उन्हातान्हात गिऱ्हाइकाच्या घरी जायचा आणि काच बदलून द्यायचा, आणि वर माफी मागून यायचा. तुझ्याकडे मात्र गेला नाही. आई म्हणायची, त्यांना वाटतं, आपण खरं तेच बोललो. आणि तू? तू तिकडे गेल्यापासून एकाच कंपनीत त्याच लिफ्टांच्या दोऱ्या तपासतोयस. बाबांना खोटं पाडायला कोणी इतकी वर्षं एक नोकरी करतं का? करत असेल, आपल्या घरात.

‘ये’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून काढू शकत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण रस्त्यात अर्धं डोकं मांडून बसलेला म्हातारा आणखी काय म्हणणार, तूच सांग. मला त्यांची भीती वाटते. जेवण कमी झालंय. आई गेल्यावर घरात हात लावणारं कोणी उरलं नाही, माझा हात त्यांना चालत नाही. असेच बसून बसून एक दिवस जातील आणि तू पुन्हा फाटकापाशी येऊन उभा राहशील. मला तसं फाटकापाशी तुला पुन्हा बघायचं नाही.

पहिला रविवार जवळ आलाय. कात्रीला धार लावून घेतलीय. तीन जिने आहेत, लिफ्ट नाही, तुला सवय नसेल. तरी ये.

भुणभुण


११ एप्रिल

प्रिय दादा,

तू पोचल्याचा निरोप मिळाला. ‘पोचलो’ असा एकच शब्द, पण या खेपेला मी रागावले नाही.

टोपीबद्दल मी जे जे लिहिलं ते सगळं मागे घेते. मला काय माहीत की टोपीखाली काहीच नाही. तू गॅलरीच्या दारात टोपी काढलीस आणि बाबा बघतच राहिले. ‘हे काय?’ तू म्हणालास, गेले. ‘सगळे?’ तू म्हणालास, कडेचे आहेत. एवढं बोलणं झालं तुमचं, इतक्या वर्षांनी. मी आत जाऊन तोंडाला पदर दाबून हसले आणि मग तसंच रडले, ते तुला ऐकू आलं असेल.

मला वाटलं होतं, तू बाबांचे कापशील आणि सुटलो. पण त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं, ‘तू आधी. तुझं आधीचं राहिलंय.’ आणि कात्री माझ्या हातातून काढून घेतली. बाबांनी आयुष्यात कात्री धरलेली मी पाहिली नव्हती. तू गपचूप डोकं ओलं करून आलास आणि बसलास. मग जे झालं त्यातलं अर्धंच तुला ठाऊक आहे. तुझी पाठ होती, तोंड कपड्यांच्या दोऱ्यांकडे. मी दारात उभी होते. म्हणून हे पत्र.

त्यांनी आधी पडद्याला चिमटा लावला, काढला, पुन्हा लावला. आई लावायची तसा बसेना. मग डाव्या बाजूपासून सुरुवात केली. चष्म्याचे स्क्रू पिळणारा हात आहे तो, एकेक केस धरून कापत होते. मला वाटलं, संध्याकाळ होणार. डाव्या कानामागे तुला लहानपणीची खूण आहे ना, पाळण्यातून पडलास त्याची, तिथे येऊन थांबले. कात्री बाजूला धरून त्या खुणेवरून त्यांनी अंगठा फिरवला. तुला वाटलं असेल केस झटकतायत. तिथे केस नव्हते.

डोकं पुरं होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. आईचा बदललेला नियम तू कधी पाहिलाच नव्हतास, पत्रातून कळला तेवढाच. मी बघत होते. त्यांनी आईचा मऊ ब्रश घेतला आणि तुझी मान झाडायला लागले. झाडून झाली तरी झाडत होते. तोंड उघडायचे, मिटायचे. मग ते बोलले, ते तू ऐकलंसच.

‘मी त्यांना चुकीचं सांगितलं. तू टिकलास.’

आणि तू काय म्हणालास? ‘हं.’ धन्य आहे. पण तुझे खांदे हलले, ते मी पाहिलं आणि त्यांनीही पाहिलं. त्यांनी पडदा काढला नाही. तुझ्या खांद्यांवर नुसते दोन्ही हात ठेवून उभे राहिले, आणि चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं. तूही बसून राहिलास. शेवटी तू घड्याळ बघितलंस, म्हणालास, गाडी आहे, तुमचं करून घेऊ, आणि आपणच चिमटा काढून उठलास.

त्यांचं डोकं तू झटपट आणि वाईट कापलंस. मागे पायऱ्या पडल्यात, लिफ्टवाल्याकडून हीच अपेक्षा. पण शेवटी तू पडदा झटकलास आणि म्हणालास, ‘झालं, उठा.’ आणि बाबा शहाण्या मुलासारखे उठले. दुपारी पोटभर जेवले.

तू गेल्यावर मी गॅलरी झाडली आणि स्टूल आत घ्यायला लागले. बाबा म्हणाले, राहू दे तिथेच. मी म्हटलं, आता कोणाचं राहिलंय? दोघांचीही झाली की डोकी.

म्हणाले, ‘त्याचं झालं कुठे? मी अजून ऊठ म्हटलेलं नाही.’

तुझीच,
भुणभुण